कार्डिओमेम्स : चिप सगळ्यांत होती, आकडे अर्ध्यांचेच पाहिले

अंगात पाणी साठतंय का ते कळावं म्हणून हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला रोज सकाळी वजन करायला सांगतात, ते योग्यच. पण वजनकाटा उशिरा बोलतो. फुप्फुसाच्या धमनीतला दाब चढू लागतो तेव्हा वजन बऱ्याचदा जागचं हललेलंही नसतं. कार्डिओमेम्स हा धमनीत बसवायचा सेन्सर नेमका हाच दाब मोजतो.

सेन्सर जेमतेम १५ मिलिमीटर लांब. बॅटरी नाही, वायर नाही. आत एक कॉइल आणि दाबाने वाकणारा कपॅसिटर. दाब बदलला की कंपनाची वारंवारता बदलते आणि बाहेरचा अँटेना ती टिपतो. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून सेन्सर फुप्फुसाच्या धमनीच्या फांदीत सोडतात, निटिनॉल या लवचिक मिश्रधातूचे दोन वेढे त्याला तिथे धरून ठेवतात. घरी अँटेनावाल्या उशीवर पाठ टेकायची, बटण दाबायचं, अर्ध्या मिनिटाच्या आत काम संपतं.

गफलत होते ती बसवताना. सेन्सरचा आकडा कॅथेटरच्या दाबाशी जुळवतात. त्या वेळी कॅथेटरचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला नसेल, तर पुढचं प्रत्येक रीडिंग तेवढ्याच फरकाने चुकतं. आधीपासून अँटिकोअॅग्युलंट (रक्त गोठू न देणारं औषध) चालू नसेल तर गुठळी टाळायला महिनाभर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घ्यावं लागतं. हे ज्यांना चालत नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

पुरावा काय? विल्यम अब्राहम आणि फिलिप अॅडमसन यांची चॅम्पियन चाचणी २०११ ची. सेन्सर सगळ्या ५५० रुग्णांना बसवला, पण डॉक्टरांना आकडे दिसत होते अर्ध्यांचेच. त्या गटात हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण सहा महिन्यांत २८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे गुण चिपचा नव्हे, आकडा पाहून गोळ्या बदलणाऱ्याचा. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या नर्स डॉक्टरांना सल्ले देत होत्या, हा आक्षेप उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने घेतला. मंजुरी २०१४ मध्ये मिळाली. २०२१ च्या गाइड-एचएफ या पुढच्या चाचणीत १००० रुग्ण असूनही मुख्य निकाल सिद्ध झाला नाही. ही बाजू जाहिरातीत सापडणार नाही.

धमनीतला डायस्टोलिक (हृदय सैल पडतानाचा) दाब साधारण ८ ते २० मिलिमीटर पाऱ्यात ठेवायचा असतो. एका दिवसाच्या उडीवर डोस बदलू नये. काही दिवस चढता कल दिसला तरच लघवीची गोळी वाढवावी आणि मग रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासावं. दाब खाली गेला, चक्कर येऊ लागली, तर गोळी कमी करायची. नेमकं हे दुसरं पाऊल दवाखान्यात विसरलं जातं, आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात.

मूत्रपिंडं फारच मंदावलेली असतील तर गोळी वाढवूनही फरक पडेलच असं नाही. चॅम्पियनमध्ये जीएफआर (मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग) २५ च्या खालचे रुग्ण घेतलेच नव्हते. अतिस्थूल व्यक्तीत छातीचा घेर १६५ सेंटिमीटरच्या वर असेल तर सिग्नल नीट येत नाही. बाकीच्यांनी सही करण्याआधी एवढंच विचारावं : रोजचे आकडे कोण बघणार, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण?