प्रश्नावली की बाजूचं वाचन?

संकेतस्थळ पारखायला वर्गात सहसा प्रश्नावली देतात: तारीख, लेखक, हेतू, पत्ता ‘डॉट ऑर्ग’ आहे का. शिकवायला सोपी, पण उत्तरं त्याच पानावर शोधायची, आणि फसवणारा नेमकं तेच सजवतो. ‘डॉट ऑर्ग’ तर कुणीही विकत घेतं.

बाजूच्या वाचनात पान सोडायचं, नव्या टॅबमध्ये संस्थेचं नाव शोधायचं, पहिल्याच दुव्यावर न जाता निकालांची यादी वाचायची. स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती: एक १९३० ची मुख्य, दुसरी २००२ ची छोटी, फुटीर. तथ्यतपासनिसांनी असाच शोध घेऊन फरक ओळखला. पानावरच रेंगाळलेले विद्यार्थी, काही इतिहासकारसुद्धा, फसले.

आठवीपासून हेच शिकवावं. मोबाइलवर मुलं मूळ पान हरवतात, म्हणून टॅब बदलणं आधी घोटून घ्या. प्रश्नावली नंतर, स्रोत भरवशाचा ठरल्यावर.