सेसनातून आइसलँड : सहा महिन्यांनंतर

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेमची २०२०ची आवृत्ती, त्यावर २०२१ साली आलेलं नॉर्डिक देशांचं फुकट वर्ल्ड अपडेट (त्या देशांचा नकाशा सुधारणारी भर) आणि सेसना १७२ हे छोटं विमान. सहा महिने एवढ्यावर फक्त आइसलँड. हे अपडेट आपोआप येत नाही, गेममधल्या मार्केटप्लेस या दुकानातून उतरवून घ्यावं लागतं. रोलिंग कॅश, म्हणजे उतरवलेला नकाशा साठवायची डिस्कवरची जागा, मुळात ८ जीबी असते, ती ३२ करा. नाहीतर त्याच भागात पुन्हा गेलात की तोच डेटा पुन्हा खेचला जातो.

इमारती बघायच्या असतील तर दुसरा देश निवडा. इथलं बघण्यासारखं बरंचसं जमिनीतच आहे, आणि वरूनच नीट कळतं.

लाकी या ज्वालामुखीच्या विवरांच्या रांगेचंच घ्या. देशाला वळसा घालणाऱ्या रिंग रोडवरच्या किर्क्युबायारक्लौस्टुर गावापासून स्काफ्ताऊ नदी धरून वर जायचं, अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) ५,००० फूट ठेवून, कारण विवरांजवळ जमीनच दीड-दोन हजार फुटांवर आहे. तारीख जुलैची, वेळ रात्री नऊची. तेव्हा सूर्य वायव्येला टेकलेला असतो आणि विवरांची रांग नैर्ऋत्य-ईशान्य. त्यामुळे प्रत्येक विवराची सावली आडवी पडते आणि सुमारे २५ किलोमीटरची भेग टाके घातल्यासारखी उठून दिसते. दुपारी बाराला तीच जागा नुसती करडी-हिरवी. १७८३-८४च्या या उद्रेकात जनावरं विषारी वायूंनी आणि चाऱ्यावाचून मेली, मागोमाग दुष्काळ पडला आणि देशातली साधारण पाचातली एक व्यक्ती दगावली.

थिंगवेलिर मात्र थोडं निराश करतं. इ.स. ९३०पासून जिथे आल्थिंग ही लोकसभा भरत होती, ती आल्मानग्याऊची घळ २,००० फुटांवरून रेघ म्हणून छान दिसते. खाली उतरलात की सपाट होते. धबधब्यांचंही बहुतेक तेच. गेममधली जमीन वरून घेतलेल्या फोटोंवरून बनते आणि अशा फोटोत उभा कडा येतच नाही, म्हणून स्कोगाफॉसच्या ६० मीटरच्या धारेजागी ताणलेला पांढरा पट्टा दिसतो. लांबूनच बघा.

लाइव्ह हवामान (तिथलं त्या वेळचं खरं हवामान) लावलंत तर हवेचा दाब सांभाळा, कारण अल्टिमीटर दाबावरूनच उंची काढतो. इथे ९८० हेक्टोपास्कलच्या आसपासचा दाब नेहमीचा. अल्टिमीटर १०१३ या प्रमाण दाबावरच राहिला तर तो आठशे-नऊशे फूट जास्त दाखवतो, आणि ईसाफ्योर्दुर गावाजवळच्या अरुंद फ्योर्डमध्ये (डोंगरांत शिरलेल्या खाडीत) तेवढ्या फरकात डोंगर येतो. अल्टिमीटर तिथल्या दाबावर आणणारं कीबोर्डवरचं ‘बी’ हे बटण दर वीस मिनिटांनी दाबायचं. ढगात शिरण्याआधी पिटो हीट, म्हणजे वेग मोजणारी नळी गोठू न देणारी ऊब, चालू करा. विसरलात तर वेगाचा आकडा घसरत जातो आणि माणूस नाक उगाच खाली दाबतो. पंखांवरचा बर्फ काढायची सोय या विमानात नाही, तेव्हा उंची सोडून गरम हवेत उतरणं हाच उपाय.

गेममध्ये तिथली खरी चालू वेळ ठेवायची तर आइसलँड आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. उन्हाळ्यात ऑफिसनंतर बसलात तरी तिकडे लख्ख दुपार असते. डिसेंबरअखेरीस आपल्या रात्री नऊला तिकडे सूर्यास्त, म्हणून वेळ हाताने बदलावी लागते.

शेवटी दक्षिणेला सुर्त्से. १९६३ साली समुद्रातून वर आलेलं हे बेट संशोधकांखेरीज सगळ्यांना बंद आहे, त्यामुळे इथे घिरट्या घालण्यात वेगळीच मजा. उतरायचं ते शेजारच्या हेइमाए बेटावर. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. वारा बघून निवडा.