वापरलेला एन्कोडर नवा म्हणून विकला: ४,५४० रुपयांना गंडा

घरी जुळवायच्या रेडिओ किटसाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याला यूपीआयने ३,८५० रुपये आगाऊ दिले. जुळणी झाली, डिस्प्लेही उजळला. पण फ्रिक्वेन्सीचा नॉब उजवीकडे फिरवला की आकडे मध्येच मागे उड्या मारत. नॉबखालच्या यांत्रिक रोटरी एन्कोडरचे (दांडा किती व कुठल्या दिशेने फिरला ते सांगणाऱ्या भागाचे) संपर्क थोडे थरथरतातच, म्हणून ती थरथर शोषायला मी ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले, प्रोग्रॅमही बदलून पाहिला. विक्रेत्याने मात्र फोनवरच निदान केले : “तुम्ही सोल्डर करताना तो जाळलात. तपासलेला दुसरा पाठवतो, ६९० रुपये टाका.” ते पैसे पोहोचताच त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

संताप याचा येतो की पाकीट फोडले तेव्हाच एन्कोडरच्या पायांवर सोल्डरचे मळकट थेंब दिसत होते. कारखान्यातही पायांना कथिलाचा मुलामा देतात, त्यामुळे मला शंका आली नाही, यात फार बावळटपणा होता असे मी मानत नाही. पण मुलामा पातळ आणि एकसारखा असतो, त्याचे थेंब होत नाहीत. पुढे पत्र्याचे कान वाकवून एन्कोडर उघडला, तर आतल्या चकतीवर स्पर्शपट्ट्यांनी घासून काळे चरे पाडले होते. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने असे चरे पडत नाहीत. भाग सोल्डर करण्यापूर्वीच मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (जोडणी असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून, तीन पायांच्या रांगेतील मधला पाय आणि बाहेरचा एकेक पाय असे तपासत दांडा हळू फिरवा. दोन्हीकडे बीप सारख्याच लयीत वाजला पाहिजे.

पोलीस ठाण्यात मला “वस्तू मिळाली ना? मग हा दिवाणी मामला” असे ऐकवण्यात आले. बँकेने “पिन तुम्हीच टाकलात” म्हणून हात झटकले. ठाण्यातून सायबर कक्षाकडे, तिथून पुन्हा ठाण्याकडे अशी टोलवाटोलवी चालली आणि शेवटी एका साहेबांनी, एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास घेता, असा सल्ला दिला. असले विक्रेते नेमके याच ‘एवढ्याशा’ रकमेवर पोसले जातात, हे त्यांना कोण सांगणार?

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद करा, ‘दिवाणी’ ऐकून घरी परतू नका. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण ठेवा, आणि दुरुस्तीच्या नावाखाली दुसऱ्यांदा छदामही देऊ नका. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही; उघडलेला एन्कोडर आणि दोन्ही पावत्या घेऊन मी आता तिथेच अर्ज करत आहे.