माजी सैनिकांच्या हॉलमधलं मोफत नागरिकत्व-केंद्र, सॅन डिएगो: एका आईचा अनुभव

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

महिन्यातले दोन शनिवार, सकाळी दहा ते दोन, माजी सैनिकांच्या एका जुन्या हॉलमध्ये हे केंद्र भरतं. आठ-दहा घडीची टेबलं, दोन झेरॉक्स मशीन, तीन-चार वकील, कायदा शिकणारी काही मुलं आणि एका कोपऱ्यात कॉफीचा मोठा थर्मास. पाटी अगदी साधी, लांबून दिसत नाही. फी शून्य. ग्रीन कार्डवर अमेरिकेच्या सैन्यात गेलेल्या आणि अजून नागरिक न झालेल्या मुलामुलींचे अर्ज इथे भरून देतात. मी माझ्या मुलाला घेऊन गेले होते. खरं तर ओढूनच नेलं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, आपशिंगे मिलिटरी या गावाजवळ. त्या पट्ट्यात घरटी एक जण फौजेत असतोच. माझे आबा मराठा लाईट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे वीस वर्षांच्या नातवाने अमेरिकेच्या आर्मीत नाव घातलं तेव्हा आमच्या ह्यांना धक्का बसला, पण आबांनी फोनवर एवढंच विचारलं, "पलटण कुठली?"

ह्यांच्या नोकरीच्या अर्जावर आम्हा सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. एकविसाव्या आधी मिळालं म्हणून सुटलो, त्यानंतर आईवडिलांच्या अर्जात मूल धरत नाहीत. ज्यांची मुलं त्या रांगेत वयाने बाहेर पडली त्यांना ही सुटका म्हणजे काय ते कळेल. चार वर्षं त्याने सैन्यात गाड्या दुरुस्त केल्या, त्यातले नऊ महिने कुवेतमध्ये. सन्मानाने बाहेर पडला. आणि आम्ही सगळे समजत होतो की तो आता अमेरिकन झाला.

झाला नव्हता. भरतीच्या वेळी एका माणसाने सांगितलं होतं की नागरिकत्व आपोआप होतं, काळजी करू नका. आपोआप काहीच होत नाही. सेवेचा दाखला म्हणून एन-४२६ नावाचा कागद असतो, तो त्याने एका तळावर सहीसाठी दिला, मग तुकडी हलली आणि कागद तिथेच राहिला. हा म्हणाला, "अगं आई, नंतर करू." नंतर म्हणता म्हणता तीन वर्षं गेली.

मग एका रात्री दीड वाजता पोलिसांचा फोन आला. बारबाहेर मारामारी झाली होती. कुवेतहून आल्यापासून त्याला झोप नीट लागत नाही, चटकन भडकतो. हे मी लपवत नाही, कारण असली मुलं आणखी घरांत आहेत. आरोप पुढे मागे घेतला गेला. पण त्या रात्री जागून मी जे वाचलं त्याने माझे हातपाय गार पडले.

१९९६ साली अमेरिकेत दोन कायदे झाले. त्यांनी हद्दपारीला कारण ठरणाऱ्या गुन्ह्यांची यादी खूप लांबवली. चोरी किंवा मारामारीच्या प्रकरणात एक वर्षाची शिक्षा सुनावली गेली, ती स्थगित राहून माणूस एक दिवसही आत गेला नाही, तरी ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. आणि अशा बहुतेक प्रकरणांत इमिग्रेशन न्यायाधीशाच्या हातात काही उरत नाही. समोरच्याने युद्ध पाहिलंय, त्याची मुलं इथे शाळेत जातात, हे न्यायाधीशाला दिसलं तरी तो थांबवू शकत नाही. सैन्यातली सेवा ढाल होत नाही.

एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "गुन्हा केला तर शिक्षा नको का?" हवी ना! माझ्या आबांनी एकदा बांधावरून भावकीतल्या एकाचं डोकं फोडलं होतं. तालुक्याच्या कोर्टात दोन वर्षं हेलपाटे घातले, दंड भरला, आणि संध्याकाळच्या एसटीने घरी आले. शिक्षा झाली, संपली, माणूस घरी आला. या कायद्यात शिक्षा भोगून झाल्यावर घरच काढून घेतात. ज्या देशाची भाषा त्याला नीट येत नाही, जिथून तो लहानपणी निघाला, तिथे नेऊन सोडतात. एकाच गुन्ह्याची ही दुसरी शिक्षा आहे, आणि बाजूच्या कोठडीत तोच गुन्हा केलेला जन्माने अमेरिकन असलेला शिपाई ती भोगत नाही. दोघांच्या अंगावर गणवेश एकच होता.

तर केंद्राबद्दल. आम्ही साडेनऊला पोचलो तेव्हा पुढे अकरा जण होते. आधी एक विद्यार्थिनी सगळे कागद तपासते. डीडी-२१४ म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला. आबांच्या डिस्चार्ज बुकासारखाच त्याचा मान. आम्ही जी प्रत नेली होती तिच्यावर सेवेचा शेरा नव्हता. 'मेंबर ४' असं लिहिलेली प्रत लागते, ती घरी फाइलमध्ये होती. ह्यांना फोन केला, त्यांनी अर्ध्या तासात आणून दिली. मुलीने चिडचिड केली नाही, आमचा नंबरही जाऊ दिला नाही.

मग वकील बाई. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज शांत. त्यांनी जे समजावलं ते मला त्याआधी कुणीच सरळ सांगितलं नव्हतं. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ अमेरिकेच्या कायद्यात अजून युद्धकाळच धरला जातो. तसा आदेश राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जुलै २००२ मध्ये काढला आणि तो अजून मागे घेतलेला नाही. या काळात ज्याने सन्मानाने सेवा केली, त्याला पाच वर्षं ग्रीन कार्डवर थांबायची अट नाही. एन-४०० म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, त्याची फीही नाही. सैन्यातून बाहेर पडल्यावरही हा हक्क राहतो, आणि मग तो हरवलेला एन-४२६ सुद्धा लागत नाही, डीडी-२१४ पुरतो. तीन वर्षं आम्ही ज्या कागदाच्या नावाने कपाळाला हात लावून बसलो होतो, त्याची गरजच उरली नव्हती.

मारामारीची गोष्ट मी मुलाला लपवू दिली नाही. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, आरोप मागे घेतला असला तरी अर्जात लिहायचा, आणि कोर्टाच्या शिक्क्याची निकालाची प्रत जोडायची. न सांगणं हाच मोठा धोका असतो. आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: असं नागरिकत्व मिळाल्यावर एकूण पाच वर्षांची सन्माननीय सेवा पूर्ण होण्याआधी कुणी वाईट शेऱ्याने सैन्यातून निघालं, तर ते काढूनही घेता येतं. आमच्या मुलाला ते लागू नाही, तो सुटून आला आहे. पण शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षांची, अजून नोकरीत असलेली मुलगी बसली होती. तिने ते वहीत लिहून घेतलं.

अर्जाच्या शेवटी काही प्रश्न असतात, ते मोठ्याने वाचतात. त्यातला एक असा: कायद्याने सांगितलं तर अमेरिकेच्या वतीने शस्त्र हाती घ्यायला तुम्ही तयार आहात का? मुलगा क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, घेतलं होतं." बाईंनी पेन खाली ठेवलं. काही बोलल्या नाहीत, नुसतं त्याच्याकडे बघितलं, आणि मग 'हो'च्या चौकटीत खूण केली.

माझं म्हणणं सगळं त्या चौकटीत आहे. नागरिक होताना जे वचन मागतात ते याने आधीच पाळलंय. भरती होतानाच राज्यघटनेचं रक्षण करण्याची शपथ घेतलीय. मग हा परका कसा? सन्मानाने सेवा केलेल्याला हद्दपार करता येणार नाही, असा साधा सरळ कायदा हवा. तसे प्रस्ताव संसदेत कितीदा मांडले गेले, पण कायदा झालेला नाही.

त्या दिवशी झेरॉक्सच्या मशीनवर जो स्वयंसेवक होता त्याचा भाऊ मेक्सिकोतल्या तिहुआनात राहतो. सीमा इथून गाडीने अर्ध्या तासावर. भाऊ इथे लहानाचा मोठा झाला, सैन्यात गेला, मग अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, ती भोगली, आणि तुरुंगाच्या दारातूनच सीमेपलीकडे. आई आजारी पडली तेव्हा येता आलं नाही. हा माणूस दर खेपेला हॉलमध्ये येतो आणि इतरांचे कागद जुळवून देतो. मी त्याला काय बोलणार? घरून नेलेले थालीपीठ दिले, त्याने दोन खाल्ले.

तिहुआनातच हद्दपार माजी सैनिकांचं एक घर आहे, त्याला 'बंकर' म्हणतात. हेक्टर बाराहास यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. ते अमेरिकन सैन्याच्या ८२व्या एअरबोर्न (छत्रीधारी) डिव्हिजनचे. माणसं बसलेल्या गाडीवर गोळी झाडल्याचा गुन्हा त्यांच्यावर होता, तो लहान नव्हता, शिक्षाही भोगली, आणि २००४ मध्ये हद्दपार झाले. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्यांना माफी दिली आणि २०१८ मध्ये ते इथे सॅन डिएगोत नागरिक झाले. मिगेल पेरेझ अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आले, २०१८ मध्ये मेक्सिकोला धाडले गेले, माफीनंतर २०१९ मध्ये परत येऊन नागरिक झाले. म्हणजे गव्हर्नरला पाझर फुटला तर माणूस घरी येतो, नाही तर नाही. सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये सांगितलं की २०१३ ते २०१८ या वर्षांत सुमारे २५० माजी सैनिकांवर हद्दपारीची कारवाई झाली आणि त्यातले ९२ बाहेर पाठवले गेले. तेही नोंदी अपुऱ्या, त्यामुळे खरा आकडा कळत नाही. आणि यातला सन्मानाने सुटलेला कुणी मेला, तर त्याचं शव झेंड्यात गुंडाळून अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरता येतं. जिवंत असताना त्याला जे दार बंद, ते मेल्यावर उघडतं. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आपल्या माणसांचाही या गोष्टीशी जुना संबंध आहे. भगतसिंग ठिंद १९१८ मध्ये अमेरिकेच्या सैन्यात होते, पगडी घालून, कॅम्प लुइसमध्ये. गणवेशात असतानाच त्यांना नागरिकत्व मिळालं आणि काही दिवसांत काढून घेतलं, कारण ते गोरे नव्हते. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. त्यांच्या वकिलाचं नाव सखाराम गणेश पंडित. त्या निकालानंतर पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा प्रयत्न झाला, ते मात्र आपली केस जिंकले. शेवटी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९३५ मध्ये वेगळा कायदा झाला तेव्हा कुठे १९३६ मध्ये ठिंद कायमचे अमेरिकन झाले. वकील बाईंना हे नाव ठाऊक होतं, पंडितांचं नव्हतं. मी कागदावर लिहून दिलं.

आणि नुसतं अमेरिकेकडे बोट दाखवून मोकळं होता येणार नाही. २०१९ मध्ये आसामात मोहम्मद सनाउल्ला यांना, तीस वर्षं भारतीय सैन्यात काढलेल्या माणसाला, परदेशी ठरवून गोलपाड्याच्या छावणीत ठेवलं होतं; उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर ते सुटले. आबांनी पेपरात वाचलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

आता कापलेला अर्धा तारा. आमच्यासारख्या घरांना लागणारी एक महत्त्वाची गोष्ट केंद्रात कुणालाच माहीत नव्हती. अमेरिकन झालं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सगळे म्हणतात ओसीआय काढू, म्हणजे मूळच्या भारतीयांना व्हिसाशिवाय ये-जा करू देणारं कार्ड. पण परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. म्हणजे माझा मुलगा यापुढे आजोबांना भेटायला व्हिसा काढून जाणार. आबा चौऱ्याऐंशीचे आहेत. अर्जावर सही करायच्या आधी हे सांगायला कुणीतरी हवं होतं. आम्हाला घरी येऊन कॉन्सुलेटच्या पानावर वाचावं लागलं. कळल्यावरही मुलाने अर्ज पाठवलाच, आणि तो बरोबर होता, पण ती रात्र आम्हा तिघांना जड गेली. मी केंद्राला पत्र लिहिलं. पुढच्या खेपेला भारतीयांसाठी ही सूचना टेबलावर छापून ठेवलेली होती. असं ऐकून घेणारी माणसं थोडी असतात.

बाकी बारीकसारीक: गाडी लावायला मागच्या गल्लीत जागा मिळते. हॉलला तीन पायऱ्या आहेत, बाजूला उतार आहे. लहान मुलं नेलीत तर त्यांच्यासाठी काही नाही, रंगपेटी सोबत घ्या. ग्रीन कार्ड, पासपोर्ट, डीडी-२१४ ची मेंबर ४ प्रत, आणि पोलिसांशी कधी काही संबंध आला असेल तर त्याचे सगळे कागद, अगदी जुनेसुद्धा. मुलगा "नंतर करू" म्हणत असेल तर ऐकू नका.

आमच्याकडे बोटांचे ठसे झालेत, मुलाखतीची तारीख यायची आहे. आबा दर रविवारी विचारतात.

मी आता दर खेपेला तिथे जाते, दुसऱ्या झेरॉक्स मशीनवर असते. मराठी घरातलं कुणी येणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, डबा जास्तीचा भरते.