जुनी सहीची पत्रं: टॉर्च, भिंग आणि पाकिटांचा वापरानंतरचा अनुभव

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश राजकारण्यांची सही असलेली पत्रं मी जमवते. संग्रह लहानच आहे. ती तपासायला आणि ठेवायला घेतलेल्या वस्तू आता ठाण्यातला अख्खा पावसाळा आणि पुढचा हिवाळा वापरून झाल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीची स्वस्त मिळते, पण तिचा स्वतःचा जांभळा उजेडच एवढा असतो की कागदाची चमक त्यात हरवते. ३६५ चीच घ्या, पुढे काळी काच असलेली. अंधाऱ्या खोलीत चिंध्यांपासून केलेला जुना कागद तिच्याखाली मंदच राहतो, आजचा पांढराशुभ्र कागद निळा झळाळतो. ही झळाळी देणारी रसायनं कागदात सर्रास आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९८३ मध्ये गाजलेल्या हिटलरच्या तथाकथित रोजनिश्या बनावट ठरल्या, त्यात हा पुरावा होताच.

मात्र ही टॉर्च फक्त ‘नाही’ म्हणू शकते, ‘हो’ कधीच नाही. जुना कोरा कागद मिळवून त्यावर लिहिणारा तिच्यातून सहज सुटतो. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये व्रँ-ल्यूका याने हजारो खोटी पत्रं मिशेल शाल या नामवंत गणितज्ञाला विकली. त्यात क्लिओपात्राचं पत्रसुद्धा होतं, तेही फ्रेंचमध्ये! तेव्हा कागद पास झाला तरी मजकूर डोळसपणे वाचावाच लागतो.

दहापट भिंग मला टॉर्चपेक्षा जास्त उपयोगी पडलं. माझ्याकडे ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सहीचा एक ‘फ्रंट’ आहे, म्हणजे पत्राची फक्त पत्त्याची बाजू. १८४० पूर्वी ब्रिटिश खासदारांना टपाल फुकट होतं. मात्र १७८४ पासून पूर्ण पत्ता, गाव आणि तारीख स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करावी लागे. त्यामुळे अक्षर त्यांचं की सचिवाचं, हा प्रश्न इथे बराच कमी होतो. नव्या संग्राहकानं सुरुवात इथूनच करावी असं मला मनापासून वाटतं. पूर्ण पत्रापेक्षा हे बरंच स्वस्तही पडतं. भिंगाखाली या फ्रंटवर शाई तंतूंमध्ये मुरलेली दिसते. निबाचा दाब पडला तिथे रेषेच्या दोन्ही कडा गडद आहेत, आणि एक रेघ दुसरीला छेदते तिथे शाई साचून काळपट ठिपका झालाय. छापील प्रतीत असं होत नाही, सगळी रेघ एकसारखी सपाट असते. चर्चिल यांची हुबेहूब हस्ताक्षरात छापलेली आभारपत्रं मूळ म्हणून विकायला येतात, तिथे हे भिंग पैसे वसूल करतं.

काही गोष्टींना मात्र उपकरण लागतच नाही. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली १८७६ मध्ये अर्ल ऑफ बीकन्सफील्ड झाले आणि सही ‘बीकन्सफील्ड’ अशी करू लागले. सेनानी वेलिंग्टनला ‘वेलिंग्टन’ ही पदवी १८०९ मध्ये मिळाली. १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांशी लढला तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता. असईच्या मोहिमेतलं पत्र आणि खाली ‘वेलिंग्टन’ अशी सही कुणी दाखवली, तर तिथूनच परत फिरा.

आता पत्रं ठेवायची पाकिटं. पॉलिएस्टरचीच हवीत. पीव्हीसीची पाकिटं काही काळानं चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. दोन लगतच्या बाजू उघड्या असलेली उत्तम. पत्र सरकवावं लागत नाही, वरचा थर उचलून अलगद ठेवता येतं. एका विक्रेत्यानं पाठवलेली पाकिटं सांगितल्यापेक्षा आखूड निघाली, बदलून घेताना फार मनस्ताप झाला. पॉलिएस्टरला स्थिर वीज धरते, म्हणून शाईचे पापुद्रे सुटत असतील किंवा पेन्सिलीचा मजकूर असेल तर ही पाकिटं टाळा. आणि लॅमिनेशन कधीही करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पावसाळ्याची मला खरी धास्ती होती. त्या काळची शाई मायफळ आणि हिराकस यांची. ती मुळातच आम्लधर्मी, दमट हवेत कागद जास्त वेगानं खाते. मी घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) असं जमवलं. आत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवते; फार कोरडं केलं तर कागद कडक होऊन घडीवर तुटतो. स्वस्त हायग्रोमीटरच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. मिठाचा ओलसर लगदा बाटलीच्या झाकणात भरा आणि मीटरसोबत बंद पिशवीत दिवसभर ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवेत. माझा मीटर ५ टक्के कमी दाखवत होता, तेवढं आता मनात धरून वाचते. सप्टेंबरअखेर एकाही पत्रावर बुरशीचा डाग नव्हता.

बजेट कमी असेल तर आधी पाकिटं आणि डबा घ्या, मग भिंग, टॉर्च सर्वांत शेवटी. फ्रेमवर मात्र पैसे घालू नका, उजेडानं शाई उडते. भिंतीवर हवंच असेल तर चांगली रंगीत प्रत काढून ती लावा.