पहिली शिडाची होडी: ऑप्टिमिस्ट की एंटरप्राइज?
खडकवासल्याचं पाणी पाहिलं की पुण्यातल्या पालकांना प्रश्न पडतो: आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याने चालवायला ऑप्टिमिस्ट ही छोटी होडी द्यावी, की एंटरप्राइज या दोघांच्या होडीत प्रशिक्षकासोबत बसवावं?

ऑप्टिमिस्ट सुमारे 2.3 मीटर लांब, 35 किलोची, एकाच शिडाची. शिडाची दोरी सैल सोडली की शीड फडफडतं आणि होडी मंदावते. मुलाला हे पहिल्याच दिवशी कळतं. एंटरप्राइज 4 मीटरची, शिडं दोन. मूल पुढचं शीड सांभाळतं, पण सुकाणू बहुधा मोठ्यांकडेच राहतं.

उलटण्याचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. ऑप्टिमिस्ट मूल स्वतः, तळातून पाण्यात उतरणाऱ्या मधल्या फळीवर भार देऊन सरळ करू शकतं. नंतर पाणी उपसावं लागतं, म्हणून बादली होडीला बांधलेलीच हवी. निघण्यापूर्वी होडी तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या तिन्ही पिशव्या दाबून बघा. एंटरप्राइज सरळ करायला मोठ्या माणसाचं वजन लागतं.

लाइफ जॅकेट दोन्हींत घालायचंच, मापाचं आणि मांड्यांमधून पट्टा असलेलं. सैल जॅकेट पाण्यात कानांपर्यंत वर सरकतं. सोबत बचाव-बोट नसेल तर ऑप्टिमिस्ट नकोच.

पाण्याला घाबरणाऱ्या मुलासाठी आधी एंटरप्राइज. पोहता येणाऱ्या, स्वतः करून पाहायची हौस असलेल्या मुलाला ऑप्टिमिस्टच द्या.