शोधग्रामचे 'निर्माण' शिबिर : डॉक्टर आणि शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी अभिप्राय

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या ग्रामीण आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेतर्फे २००६ पासून १८ ते २८ वयोगटातील युवांसाठी 'निर्माण' हा उपक्रम चालवला जातो. त्याची निवासी शिबिरे गडचिरोलीपासून सुमारे १७ किलोमीटरवरील शोधग्राममध्ये होतात. एमबीबीएसचा विद्यार्थी असताना मी या उपक्रमात सहभागी झालो होतो आणि आज कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणारा विषय शिकवतो. माझे विद्यार्थी दरवर्षी या शिबिराविषयी विचारतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

प्रवेशासाठी भरावा लागणारा अर्ज दीर्घ आहे आणि त्यानंतर मुलाखत होते. अनेकांना तो अर्ज कंटाळवाणा वाटतो. मला मात्र तो शिबिराचाच पहिला भाग वाटतो, कारण आपण हे शिक्षण कशासाठी घेत आहोत, याचे उत्तर तोपर्यंत आपल्याला कोणी लेखी मागितलेले नसते. शिबिरात श्रमदान, गटचर्चा आणि गावभेटी असतात. राहणी साधी आहे आणि परिसर दारू-तंबाखूमुक्त आहे.

माझ्यावर सर्वांत खोल परिणाम केला तो आरोग्यदूताच्या कामाने. आरोग्यदूत म्हणजे गावातलीच, बेताचे शालेय शिक्षण झालेली, नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण मिळालेली स्त्री. अशा एका ताईंनी आम्हांला बाळाचे श्वास मोजून दाखवले. बाळ शांत होईपर्यंत त्या थांबल्या, त्याच्या पोटावरचे पांघरूण हलकेच बाजूला केले आणि पोटाच्या वरखाली होण्याकडे नजर लावून त्यांनी पूर्ण एक मिनिट मोजले. मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर तो धोक्याचा इशारा, हे त्यांनी बाळाच्या आजीलाही त्याच वेळी समजावून सांगितले. वॉर्डात अर्धा मिनिट मोजून दुप्पट करण्याची सवय लागलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना त्यांनी ती मोजणी पुन्हा करायला लावली.

'सर्च'ने ३९ गावांत राबवलेल्या या पद्धतीमुळे नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. हे यश वैद्यकाचे आहे, तितकेच अध्यापनाचेही आहे, असे माझे ठाम मत आहे; कारण गुंतागुंतीचे निदान गावातल्या स्त्रीला बिनचूक करता येईल इतक्या सोप्या पायऱ्यांत मांडणे, हे उत्तम शिक्षकाचेच काम आहे. डॉ. अभय बंग स्वतः सेवाग्रामच्या, गांधीजींच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या नई तालीम शाळेत शिकलेले आहेत आणि हाताने काम करत शिकण्याचा तो संस्कार शिबिराच्या रचनेतही स्पष्ट जाणवतो.

पुढे शासकीय महाविद्यालयाच्या बंधपत्रानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात सेवा करताना मी ते वर्ष कसेबसे काढण्याऐवजी तेथील आशाताईंसोबत बसून शिकवू लागलो आणि अध्यापनाकडे वळण्याचा निर्णय तेथेच झाला. शिबिरातला एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला. मुलांची हजेरी, आजारपण आणि आहार यांचा तो एकत्र विचार करतो.

तरीही केवळ शिबिराने माणूस बदलतो, असे मी म्हणणार नाही. महाविद्यालयात परतल्यावर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा दबाव आणि घरच्यांच्या अपेक्षा समोर उभ्याच असतात; अशा वेळी शिबिरातल्या मित्रांशी संपर्क ठेवला नाही, तर उत्साह काही महिन्यांत ओसरतो. प्रमाणपत्रासाठी किंवा परदेशी अर्जात एक ओळ वाढावी म्हणून येणाऱ्यांनी येऊ नये. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शक्यतो इंटर्नशिपच्या आधीच अर्ज करावा, म्हणजे तेथे पाहिलेले लगेच ग्रामीण पोस्टिंगमध्ये वापरून पाहता येते; डी.एड. किंवा बी.एड. करणाऱ्यांनीही हे आपले क्षेत्र नाही असे समजून मागे राहू नये.